भूगर्भातील उष्णतेचा शोध

वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ येथील गरम पाण्याची कुंडे आपणांस परिचित आहेत. हे पाणी कोणाच्या कृपेने तापत नाही. खोल मुरलेले पाणी भूगर्भातील उष्णतेने तापून भेगांतून वर येते. कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण येथेही लागू पडते.

ही उष्णता वरून कशी शोधावी? जमिनीत चार खुंट्या एका रेषेत रोवतात. बाहेरील दोहोंतून वीजप्रवाह सोडतात आणि आतील दोहोंमधील विद्युतदाब मोजतात. बाहेरील खुंट्या दूर नेल्या की अधिक खोलीची माहिती मिळते. कोरडा, अखंड खडक विजेला रोध करतो. उष्ण, क्षारयुक्त पाणी तिला वाट देते. लडाखमधील पुगा खोऱ्यात अशा सर्वेक्षणाने कमी रोधाचा पट्टा दाखविला आणि विंधनविवरांतून गरम पाणी व वाफ निघाली.

मात्र ओली चिकणमातीही विजेला वाट देते. म्हणून एका मोजणीवर निर्णय होत नाही. पाण्याचे रासायनिक परीक्षण आणि अखेर विंधन यांचीही साक्ष घ्यावी लागते. पारखल्यावाचून स्वीकारू नये, हा कालामांना केलेला उपदेश याहून वेगळा नाही. आपल्या मुलामुलींनी कुंडापुढे केवळ हात जोडू नयेत. त्या खुंट्या रोवणारे हात त्यांचेही असावेत.