आधी पेट्रोल हुंगा, मग पाना उचला

हुबळी-धारवाडात जुना पेट्रोल जनरेटर चालता चालता क्वचितच बिघडतो, तो बिघडतो पडून पडून. एवढं एकच म्हणणं मला इथे मांडायचं आहे, कारण दुरुस्तीवर होणारा बराचसा खर्च ते न ओळखल्यामुळे ओढवतो. दोरी ओढली, इंजिन लागलं नाही, की पहिला सवाल येतो, ‘काय मोडलं?’ मग प्लग बदलला जातो, कॉइल बदलते, कुणीतरी हेड उघडतो. विचारायला हवं ते वेगळंच: हा जनरेटर किती दिवस बंद होता, आणि टाकीत काय ठेवून बंद केला होता? एकेकाळी ‘करंट होय्तु’, म्हणजे वीज गेली, अशी हाक उठली की हुबळीच्या दुर्गद बैल बाजारातल्या दुकानांच्या पायऱ्यांवर ही यंत्रं धडधडायला लागायची. रोज तासन्‌तास चालणाऱ्या यंत्राच्या टाकीत पेट्रोल शिळं व्हायला वेळच मिळत नसे. पुढे इन्व्हर्टर आले आणि जनरेटर जिन्याखाली गेला. आता त्याची आठवण होते ती गणपतीच्या मांडवासाठी, म्हणजे भाद्रपदात. आधीचा सगळा पावसाळा त्याने दमट कोपऱ्यात काढलेला असतो आणि टाकीत पेट्रोल मागच्या वर्षीचं. अशा यंत्रात नवीन काही मोडलेलं असण्याची शक्यता कमी, काहीतरी तुंबलेलं असण्याची शक्यता फार मोठी.

म्हणून पाना उचलण्याआधी टाकीचं झाकण उघडून वास घ्यावा. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झणकन जातो. शिळ्याचा वास आंबूस, वार्निशसारखा असतो. मग थोडं पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत काढून उजेडात धरावं. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी, किंवा पाणी धरून खाली बसलेलं इथेनॉल. हे इथेनॉल आपल्या पेट्रोलमध्ये आता मोठ्या प्रमाणात आहे. २०२२ साली देशाने १० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं आणि २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं, आणि जुन्या यंत्रांतल्या रबरी नळ्या, वॉशर, फ्लोटची सुई त्याच्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, चिकट होतात, त्यांचे कण सुटतात. शिवाय एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला जेमतेम ९. शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेलं कार्ब्युरेटरमधल्या जेटचं भोक त्यामुळे नव्या मिश्रणाला थोडं कमी पडतं. इंजिन लागतं, पण एका लयीत राहत नाही, चढतं-उतरतं. मेकॅनिक त्याला ‘हंटिंग’ म्हणतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो पूर्ण चुकीचा नाही: ‘इथेनॉल नव्हतं तेव्हाही कार्ब्युरेटर तुंबायचेच की.’ खरं आहे. साधं पेट्रोलही महिनोन्‌महिने ठेवलं तर त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे गोंदासारखा तपकिरी थर उरतो. उलट २० टक्क्यांच्या मिश्रणात १० टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा जास्त पाणी विरघळून राहू शकतं, त्यामुळे थर वेगळा पडायला वेळ लागतो. सगळा दोष इथेनॉलवर ढकलणारा माणूस म्हणूनच अर्धंच निदान करतो. मूळ दोष साठवण्याचा आहे. इथेनॉलने त्या चुकीची मुदत कमी केली आणि धातू-रबराचं नुकसान त्यात भरीला घातलं, इतकंच.

टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल घातलं तरी इंजिन लागत नसेल, तर प्लग काढून पाहावा. कोरडा असेल तर पेट्रोल वर पोचतच नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण ठिणगी पडत नाही किंवा चोक देऊन देऊन ओव्हर झालंय. या एका नजरेने अर्धं यंत्र उघडायचं वाचतं. कोरडा असेल तर कार्ब्युरेटरखालची वाटी सोडवावी, बहुधा एकाच बोल्टवर ती असते. तळाशी पांढरी पूड किंवा तपकिरी चिकटा दिसेल. मधला पितळी जेट काढून उजेडाकडे धरला की भोकातून प्रकाशाचा बारीक, गोल ठिपका दिसायला हवा. ठिपका अर्धवट दिसला, तर रोग तिथेच आहे. तो साफ करायला सुई किंवा टाचणी घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की इंजिन कायम जास्त पेट्रोल पिणार. वायरमधली तांब्याची एक तार पुरते. ओल्या प्लगची ठिणगी पाहताना मात्र प्लगचं भोक फडक्याने झाकावं आणि सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्यावं, नाहीतर तपासणीतच भडका उडेल. ठिणगी नसेल तर कॉइल मागवण्याआधी ऑइल पाहा. बऱ्याच यंत्रांत ऑइल कमी झालं की ठिणगी तोडणारा स्विच असतो. ऑइल पुरेसं असूनही यंत्र उतारावर ठेवलं असेल तर तोच स्विच अडवतो. दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडणाऱ्या यंत्राच्या टाकीचं झाकण सैल करून पाहावं. सैल करताच ते पुन्हा लागलं, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं आहे.

इंजिन नीट चालतंय पण दिवा लागत नाही, ही तक्रार वेगळी. ट्रिप स्विच, ब्रश, कपॅसिटर हे आधी पाहायचं, आणि कपॅसिटरला हात लावण्यापूर्वी त्यात साठलेला करंट उतरवून घ्यायचा, कारण बंद यंत्रातही तो झटका देतो. फार दिवस पडून राहिलेल्या यंत्राच्या गाभ्यातलं उरलेलं चुंबकत्वही जातं, म्हणजे हा दोषसुद्धा पडून राहण्याचाच. इथे एक मोह मी आवर्जून टाळायला सांगेन, तो म्हणजे उजेड मंद वाटला म्हणून फेरे सांभाळणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ताणण्याचा. अशा लहान यंत्रांत साधारणपणे मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० सायकल, असं गणित असतं. कानाच्या अंदाजाने फेरे वाढवले की व्होल्टेजही वर जाऊ शकतं आणि मांडवातला अ‍ॅम्प्लिफायर जळतो. मीटर नसेल तर त्या स्प्रिंगला हात लावू नये.

‘एवढं करण्यापेक्षा मेकॅनिककडे टाकावं,’ असं कुणी म्हणेल. जरूर टाकावं, पण यंत्र किती महिने बंद होतं ते सांगून. हे न सांगितल्यामुळे चांगला कारागीरही सुटे भाग बदलण्याच्या वाटेला लागतो. ‘नवा घ्यावा’ हाही सल्ला मिळतो. नवा घेतला आणि तोही पेट्रोल भरून जिन्याखाली ठेवला, तर दोन पावसाळ्यांत त्याची गत तीच.

बिघाड सापडल्याच्या आनंदात दोन गोष्टी विसरल्या जातात, आणि त्या यंत्रापेक्षा मोलाच्या आहेत. शटर अर्धं ओढून बोळात चालवलेला जनरेटर कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घेऊन घरातल्या सॉकेटमधून सगळ्या घराला करंट देणं. ‘मेन बंद केला की झालं,’ हे मी अनेकांच्या तोंडून ऐकतो. अंधारात, घाईत, एकदा विसरला तर तोच करंट उलटा खांबावर जातो, ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टचा होतो, आणि लाइन बंद आहे असं समजून वर चढलेला हेस्कॉम या वीज कंपनीचा लाइनमन त्याला भिडतो. एका वेळी एकच पुरवठा जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवण्याचा खर्च टाळण्यासाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावणं मला कोणत्याही युक्तिवादाने पटणार नाही.

हेच यंत्र कुणी उचलून कारवारकडे काळी नदीत होडीवर नेतं, तेव्हा प्रत्येक दोष तीव्र होतो. खारी हवा जोडांवर हिरवा गंज चढवते. होडी कलली की ऑइलचा स्विच यंत्र बंद करतो आणि लोक प्लग बदलत बसतात. सर्वांत वाईट म्हणजे पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. जमिनीवर ती वाऱ्याने पांगते, होडीच्या तळाशी मात्र साचून राहते, आणि एक ठिणगी पुरते. मासेमारीच्या मोठ्या बोटींवर डिझेल असण्यामागे दर आणि ताकद आहेच, पण डिझेल नेहमीच्या हवेत अशी पेट घेणारी वाफ सोडत नाही, हेही आहे. होडीवर पेट्रोल जनरेटर न्यायचाच असेल तर उघड्या फळीवर, केबिनच्या बाहेर, आणि पेट्रोल भरायचं ते किनाऱ्यावर, यंत्र थंड झाल्यावर.

परतल्यावर, किंवा विसर्जनानंतर मांडव उतरवताना, जनरेटर स्विचने बंद करू नये. पेट्रोलचा कॉक बंद करून त्याला चालू द्यावं, म्हणजे वाटीतलं पेट्रोल संपून तो आपणहून थांबेल. केरोसीनवर चालणारा जुना असेल तर थांबण्याआधी त्याला पुन्हा पेट्रोलवर आणून मग तसंच करावं. टाकीत उरलेलं पेट्रोल काढून त्याच आठवड्यात स्कूटरला घालावं, आणि टाकीवर खडूने तारीख लिहून ठेवावी.