मुलांची करिअर-निवड आणि कृत्रिम बुद्धिमत्ता



दहावीचा निकाल आणि खरिपाची तयारी साधारण एकाच सुमारास येते. बियाण्याची पिशवी घेताना आपण चार दुकाने हिंडतो, लेबल वाचतो, उगवणशक्ती तपासतो. मुलाने अकरावीला कोणते विषय घ्यावेत हे मात्र पुष्कळदा एखाद्या पाहुण्याच्या सांगण्यावरून ठरते. अलीकडे त्या पाहुण्याची जागा मोबाईलने घेतली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि अशी साधने आता मराठीतील प्रश्नालाही उत्तर देतात. त्यांचा उपयोग अवश्य करावा. तो कसा करावा, हे येथे पाहू.

हे यंत्र विचार करून सल्ला देते असे समजू नये. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येतो याचा अंदाज ते शिकलेले असते. तो मजकूर बहुतांशी इंग्रजी आणि शहरी आहे. त्यामुळे "दहावीनंतर काय करावे?" एवढेच विचारले तर उत्तरही सरसकट येते. माती परीक्षण न करता दिलेली खताची मात्रा आणि हे उत्तर एकाच जातीचे.

नमुना कसा घ्यावा

मातीचा नमुना बांधाजवळून, झाडाखालून किंवा शेणखताच्या ढिगाजवळून घेतला तर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी शिफारस चुकते. येथेही तसेच आहे. प्रश्न विचारण्यापूर्वी मुलाने स्वतःच्या हाताने कागदावर पुढील गोष्टी लिहाव्यात : विषयवार गुण, न सांगता आवडीने केले जाणारे काम, कंटाळा येणारे काम, घरापासून किती दूर राहता येईल, वर्षाला किती खर्च झेपेल, घरची जमीन बागायती की जिरायती आणि पुढे ती कोण पाहणार. पालकांनी हा कागद दुरुस्त करू नये. आपल्याला हवे ते मुलाच्या तोंडी घालणे म्हणजे ढिगाजवळचा नमुना होय.

ही माहिती देऊन यंत्राला सांगावे, "लगेच सल्ला देऊ नकोस. आधी मला एकेक करून दहा प्रश्न विचार." माझ्या मते या साधनाचा खरा उपयोग येथेच आहे. वडिलांपुढे गप्प बसणारा मुलगा यंत्राच्या प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरे देतो. जनावरांचे दवापाणी करायला आवडते की ट्रॅक्टर खोलायला, हिशेब ठेवायला की चार लोकांशी बोलायला, हे त्यातून पुढे येते. कृषी पदवीच्या वर्गात शिकवताना असे विद्यार्थी नेहमी भेटतात, ज्यांना हा प्रश्न कोणी कधी विचारलेलाच नसतो.

त्यानंतर तीन-चार मार्ग मागावेत आणि प्रत्येकाचे तोटेही मागावेत. या यंत्राला होला हो करण्याची खोड आहे. "मुलाने इंजिनिअर व्हावे ना?" असे विचारले की ते त्याचीच कारणे जुळवते.

मुलीसाठी विचारताना आणखी एक पडताळा घ्यावा. तीच माहिती मुलाच्या नावाने देऊन पुन्हा विचारावे आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. ॲमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज निवडण्यासाठी तयार केलेल्या प्रायोगिक यंत्रणेची हकीकत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिला आधीच्या १० वर्षांतील अर्ज शिकवले होते. त्यांत पुरुषांचे अर्ज जास्त असल्याने ती स्त्रियांच्या अर्जांना डावे ठरवू लागली आणि कंपनीला ती सोडून द्यावी लागली.

कशावर विश्वास ठेवू नये

महाविद्यालयांची नावे, शुल्क, गेल्या वर्षीचे प्रवेशाचे गुण, अर्जाच्या तारखा यांबाबत यंत्र जुनी किंवा चक्क बनवलेली माहिती ठामपणे सांगू शकते. ही माहिती राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर किंवा प्रत्यक्ष महाविद्यालयात जाऊनच तपासावी.

विषयांची अट तर दोनदा तपासावी, कारण चूक झाली तर वाट बंद होते. उदाहरणार्थ, पशुवैद्यकीय पदवीसाठी बारावीला जीवशास्त्र आणि पुढे नीट परीक्षा लागते. आंतरवासिता धरून हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. चार वर्षांच्या कृषी पदवीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासोबत जीवशास्त्र किंवा गणित चालते आणि एमएचटी-सीईटी द्यावी लागते. कृषी अभियांत्रिकीला गणित हवे. गाईम्हशींत रमणाऱ्या मुलाने गुण चांगले मिळतात म्हणून अकरावीला जीवशास्त्र सोडले, तर जनावरांचा डॉक्टर होणे दोन वर्षांनी आठवून उपयोग नाही. यंत्राला हे विचारल्याशिवाय ते आपणहून सांगेलच असे नाही. आयटीआय आणि कृषी पदविका हे मार्गही मुद्दाम नाव घेऊन विचारावेत, नाहीतर यंत्राची धाव पदवीकडेच राहते.

आधार क्रमांक, बैठक क्रमांक, गुणपत्रिकेचे छायाचित्र किंवा बँकेचा तपशील यंत्राला कधीही देऊ नये. सल्ल्यासाठी त्यांची गरजच नसते.

मिळालेले उत्तर वहीत उतरवून ठेवावे आणि त्यातील पहिल्या दोन मार्गांवर प्रत्यक्ष काम करणारी माणसे गाठावीत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, कृषी सेवा केंद्रात, कृषी विज्ञान केंद्रात किंवा दूध संकलन केंद्रात मुलाला निदान दोन दिवस बसवावे. अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी एवढी सवड बहुधा मिळते. पेरणीची घाई असली तरी हे दोन दिवस काढावेत.