पहिल्या गाडीचं काळं प्लास्टिक आणि दाराचं रबर

अमेरिका-कॅनडात आल्यावर बहुतेकांची पहिली गाडी सेकंडहँड असते. इंजिन, ब्रेक, टायर सगळे तपासून घेतात. बंपरची खालची बाजू, चाकांवरची काळी कड, पुढच्या काचेखालची जाळी पांढुरकी पडलेली दिसते, तरी ‘जुनी गाडी, चालायचंच’ म्हणून सोडून देतात. सोडू नका. फिनिक्स आणि टोरांटोत मुरलेल्या आपल्या कुटुंबांचं याबाबत एकमत आहे: आधी नीट धुवा, चमक नंतर.

हे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रोपिलीनचं, रंग न दिलेलं असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा वरचा पातळ थर मरतो आणि काळा रंग करडा होतो. फिनिक्समध्ये २०२३च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता; तिथं उघड्यावर उभी राहणारी गाडी किती लवकर विटते, ते वेगळं सांगायला नको. पण प्रत्येक पांढरा डाग उन्हाचा नसतो. आधीच्या मालकानं बॉडीला लावलेलं वॅक्स प्लास्टिकच्या खरबरीत पृष्ठभागात सुकून बसलेलं असतं, आणि ते ब्रशनं निघतं. इकडची मंडळी त्यावर पीनट बटर चोळतात. त्यातल्या तेलानं वॅक्स सुटतं हे खरं, पण घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तो उपाय नको.

गाडी सावलीत, गार असताना घ्या. कार शॅम्पूनं धुवा. मग ऑल-पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात मिसळून मऊ ब्रशनं घासा. फेस मळकट येणं थांबेपर्यंत. पुसून कोरडं झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा, म्हणजे तेलकटपणा जातो. शेजारच्या रंगावर निळी पेंटर्स टेप चिकटवून ट्रिम रिस्टोररचा पातळ हात द्या आणि बाटलीवर लिहिलंय तितका वेळ पाणी लागू देऊ नका. घाण तशीच ठेवून वर चमक लावली, तर एका पावसात ओघळते. हीट गननं रंग परत येतो, पण टिकत नाही आणि प्लास्टिक वाकडं होण्याची भीती असते. आम्ही तो मार्ग सुचवत नाही.

घरातलं खोबरेल तेलही नको. दोन दिवस काळंभोर दिसतं, मग धूळ धरतं. टोरांटोच्या थंडीत तर थिजतंच. दारांचं रबर बहुधा ईपीडीएमचं असतं. व्हॅसलीन किंवा इंजिन ऑइलनं ते फुगतं, सैल पडतं. त्याला साबणपाण्यानं पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, तेही फडक्यावर घेऊन. सिलिकॉनचा स्प्रे मारताना तो काचेवर उडाला की रात्री वायपर फिरवल्यावर समोरचं धूसर दिसतं. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाला आणि ब्रेकच्या डिस्कला चमकवायचं काहीही लावू नका.

रस्त्याकडेच्या गटारातलं पाणी बहुतेक गावांत प्रक्रिया न होता थेट ओढ्या-नद्यांत जातं. म्हणून हे काम सेल्फ-सर्व्हिस कार वॉशमध्ये करा. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये सहसा परवानगीही नसते.

टोरांटोकरांनो, दारांच्या रबराचं काम ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत उरका. पुढे बाहेरचे नळ बंद होतात, आणि गोठून चिकटलेलं दार जोरानं ओढलं की रबर फाटतं.