हिरवा तलाव, क्लोरीनचे माप आणि कारागिराची अमानत

अलिबाग, कर्जत, लोणावळा, पाचगणी या भागांत बंगले, फार्म हाऊस आणि पाहुण्यांना भाड्याने देण्याची घरे पुष्कळ उभी राहिली आहेत. त्यांतील कित्येक घरांच्या अंगणात पोहण्याचा छोटा तलाव असतो. बांधणारा ठेकेदार काम संपवून निघून जातो. पण पाणी स्वच्छ ठेवण्याचे काम बारा महिने चालते. आपल्या समाजात प्लंबर, पंप दुरुस्त करणारे, टाइल्स बसविणारे आणि आखातात इमारतींच्या देखभालीचे काम करून परतलेले कारागीर कमी नाहीत. रासायनिक माल विकणारे दुकानदारही आहेत. या सर्वांसाठी हा हलाल रोजीचा चांगला मार्ग ठरू शकतो. मात्र त्यासाठी एक विद्या नीट शिकली पाहिजे. ती म्हणजे हिरवे झालेले पाणी पुन्हा नितळ करण्याची.

ही विद्या अवघड नाही, पण ती अंदाजाने येत नाही. 'टाका दोन मुठी पावडर' ही पद्धत बहुतेक ठिकाणी चालते आणि बहुतेक ठिकाणी ती फसते. या लेखात मापाचा हिशोब समजावून घेऊ.

शेवाळ का धरते?

शेवाळ ही सूक्ष्म वनस्पती आहे. तिला ऊन, उष्णता आणि थोडे खत एवढेच लागते. पावसाच्या पाण्याबरोबर वाहून आलेली माती, झाडांची पाने, बागेतले खत आणि अंगाचा घाम यांतून तिला ते खत मिळते. पाण्यात पुरेसा क्लोरीन असेल तर तिचे बीज रुजण्यापूर्वीच मरते. क्लोरीन संपला की दोन-तीन दिवसांत तळ हिरवा दिसू लागतो. पावसाळ्यात घर बंद राहते, वीज जाते, पंप थांबतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात मालक येऊन पाहतो तो तलावाचे डबके झालेले असते.

अशा पाण्यात थोडा क्लोरीन टाकला तर तो पाने, माती आणि वरवरचे शेवाळ यांच्याशी लढण्यातच खर्च होतो. उरलेले शेवाळ पुन्हा वाढते. मग आणखी थोडी पावडर, मग पुन्हा थोडी. असे तीन वेळा अर्धे माप टाकण्यात जेवढा माल जातो तेवढाच एकदम टाकला असता तर काम झाले असते. अपुरे माप म्हणजे खरोखरच पैसा पाण्यात!

प्रथम पाणी मोजा

तलावाची लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत घ्या. तिन्हींचा गुणाकार करून २८.३ ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येते. समजा तलाव २४ फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. एका टोकाला खोली साडेतीन फूट, दुसऱ्या टोकाला साडेपाच फूट आणि उतार सारखा आहे. सरासरी खोली साडेचार फूट झाली. २४ गुणिले १२ गुणिले ४.५ म्हणजे १,२९६ घनफूट. त्याला २८.३ ने गुणले की सुमारे ३६,७०० लिटर पाणी.

आता दुसरे सूत्र लक्षात ठेवा. १,००० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध क्लोरीन टाकला की १ पीपीएम प्रमाण होते. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. आपल्या तलावाला १ पीपीएमसाठी ३६.७ ग्रॅम आणि १० पीपीएमसाठी ३६७ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागेल.

बाजारातला माल ओळखा

शुद्ध क्लोरीन डब्यात मिळत नाही. प्रत्येक मालात त्याचा हिस्सा वेगळा असतो. ६५ टक्के ताकदीचे कॅल्शियम हायपोक्लोराइट घेतले तर ३६७ ग्रॅम क्लोरीनसाठी सुमारे ५६५ ग्रॅम माल लागतो. ताज्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. तिचे १,११० ग्रॅम लागतील. लिटरला १०० ग्रॅम क्लोरीन असलेले द्रवरूप हायपो घेतले तर पावणेचार लिटरच्या आत भागेल.

येथेच दुकानदार बंधूंची जबाबदारी येते. ब्लीचिंग पावडर दमट हवेत आणि द्रव हायपो उन्हात ठेवला की दोन्हींची ताकद झपाट्याने उतरते. जुन्या पोत्यात २० टक्केच क्लोरीन उरला असेल तर त्याच कामाला १,८३५ ग्रॅम पावडर लागेल. गिऱ्हाईक मात्र पिशवीवरचा आकडा पाहून १,११० ग्रॅम टाकतो आणि शेवाळ मरत नाही. तराजू बरोबर होता, वजन पूर्ण होते, तरी मापात खोट झालीच. म्हणून माल आल्याची तारीख पोत्यावर लिहा, जुना माल आधी काढा आणि उतरलेला माल उतरलेला म्हणूनच विका.

ब्लीचिंग पावडरीचे आपल्या कारागिरांशी जुने नाते आहे. चार्ल्स टेनंट या स्कॉटिश कारखानदाराने १७९९ साली तिचे पेटंट घेतले ते कापड पांढरे करण्यासाठी. पाणी शुद्ध करण्याचा उपयोग नंतरचा. मालेगाव-भिवंडीच्या कापडवाल्यांना क्लोरीनचा वास नवा नाही.

टी.सी.सी.ए. या नावाने मिळणाऱ्या गोळ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांत ९० टक्के क्लोरीन असतो आणि त्या हळूहळू विरघळतात, म्हणून सोयीच्या वाटतात. पण त्यांच्याबरोबर सायन्युरिक आम्ल पाण्यात उतरते. हे आम्ल थोडे असेल तर उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते. ३० ते ५० पीपीएम पुरे. दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम आम्ल वाढते. रोज २ पीपीएम क्लोरीन गोळ्यांतून दिला तर महिन्याला आम्ल ३६ पीपीएमने वाढेल आणि तीन महिन्यांत शंभरावर जाईल. ते उडून जात नाही, साचत राहते. मग पाण्यात क्लोरीन असूनही तो सुस्त होतो आणि शेवाळ हसत वाढते. यावर साधा उपाय एकच. काही पाणी काढून नवे भरणे.

कामाचा क्रम

पहिल्या दिवशी जाळीने सर्व पाने व कचरा काढा. नाहीतर निम्मा क्लोरीन पानेच खातील. मग पीएच तपासा. तो ७.२ च्या आसपास आणावा. ७.२ वर क्लोरीनचा सुमारे दोन-तृतीयांश भाग जोमदार रूपात असतो. ८ वर जेमतेम पाव. पीएच जास्त असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल, कमी असेल तर सोडा ॲश. आम्ल नेहमी बादलीभर पाण्यात टाकून पातळ करावे, पंप चालू ठेवून थोडे थोडे सोडावे आणि काही तासांनी पुन्हा तपासावे. पीएच आधीच ठीक करावा, कारण क्लोरीन फार वाढला की पीएचची चाचणी खोटा रंग दाखवते.

नंतर भिंती, कोपरे, पायऱ्या आणि शिडीच्या मागची जागा ब्रशने घासा. शेवाळावर बुळबुळीत थर असतो. तो फुटल्याशिवाय क्लोरीन आत शिरत नाही. टाइल्सच्या सांध्यांत काळे ठिपके असतील तर सिमेंट व टाइल्सच्या तलावात तारेचा ब्रश वापरा.

क्लोरीन सूर्यास्तानंतर टाका. उन्हात तो काही तासांतच नष्ट होतो. रात्री पूर्ण काम करतो. तळ दिसत असेल तर १० पीपीएम, तळ दिसत नसेल किंवा गोळ्यांचे आम्ल साचले असेल तर २० पीपीएम माप धरा. बादलीत आधी पाणी घ्यावे, मग पावडर टाकून ढवळावी. ब्लीचिंग पावडरीत चुना असतो. गाळ खाली बसू द्या आणि वरचे नितळ पाणीच तलावात ओता. गाळ तलावात गेला तर पाणी दुधाळ होते. पंप रात्रभर चालू ठेवा.

सकाळी पाणी हिरव्याचे राखी-पांढरे झालेले दिसेल. ते मेलेले शेवाळ आहे. आता काम फिल्टरचे. दाबाचे मीटर स्वच्छ फिल्टरच्या आकड्यापेक्षा पाव हिश्शाने चढले की बॅकवॉश करा. दिवसातून दोन-तीनदा करावा लागला तरी कंटाळू नका. तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर काढा. बॅकवॉशचे व गाळाचे पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा शेजाऱ्याच्या बागेत जाऊ देऊ नका.

काम संपले हे रंगावरून ठरवू नये. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजा आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी पुन्हा मोजा. रात्रीतून १ पीपीएमपेक्षा जास्त घट झाली तर शेवाळ अजून जिवंत आहे; पुन्हा माप पूर्ण करा. घट त्याहून कमी असेल तरच काम झाले. साध्या चाचणीपेटीत १० किंवा २० पीपीएम वाचता येत नाही. त्यासाठी तलावाच्या पाण्याचा एक भाग आणि गॅरेजमध्ये मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्याचे नऊ भाग मिसळून तपासा आणि येणाऱ्या आकड्याला दहाने गुणा.

आकडा ३ पीपीएमच्या खाली येईपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. पुढे तो रोज १ ते ३ च्या दरम्यान ठेवला तर शेवाळ परत येणार नाही. डोळे चुरचुरत असतील आणि उग्र वास येत असेल तर क्लोरीन जास्त झाला असे लोक समजतात. बहुधा उलट असते. घाम व मूत्राशी जोडला गेलेला निकामी क्लोरीन तो वास देतो, आणि पाण्याला नव्या क्लोरीनची गरज असते.

जिवाशी खेळ नको

क्लोरीनचा माल आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नका. एकाच बादलीत, एकाच कपाटात किंवा एकाच मापात सुद्धा नाही. दोघे मिळाले की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांना मारण्यासाठी सोडला गेला होता. बंद पंपघरात तो काही मिनिटांत माणसाला घेऊन जाईल. टी.सी.सी.ए. आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट यांचे मिश्रण तर पेट घेते, स्फोटही होतो. एकाचा चमचा दुसऱ्याच्या डब्यात घालू नका. पावडरीजवळ तेल, पेट्रोल, ग्रीसच्या चिंध्या ठेवू नका. हातमोजे व चष्मा वापरा, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, आणि शिकाऊ मुलाला एकट्याने हे काम देऊ नका. मजुरी वाचविण्यासाठी कोणाच्या फुप्फुसांचा सौदा करणे जायज नाही.

मशिदीच्या हौजासाठी

हाच हिशोब वजूच्या हौजाला कामी येतो, पण माप फार लहान. वजूत पाणी तोंडात घेतले जाते, म्हणून ते पिण्याच्या दर्जाचे असावे. १,००० लिटरला चांगली ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम पुरते. शेवाळ फार धरले असेल तर हौज रिकामा करून घासणे उत्तम. हौजात मासे असतील तर क्लोरीन टाकूच नका. थोड्या प्रमाणातही ते मरतात.

नफा आणि अमानत

या धंद्यात फसवणूक सोपी आहे. मोरचूद टाकले की पाण्यावर निळसर झाक येते आणि मालक खूश होतो. पण त्यातले तांबे पाण्यातून जात नाही. जास्त झाले की भिंतींवर डाग पडतात, केसांवर हिरवट छटा येते, आणि ते पाणी ओढ्यात गेले तर मासे मरतात. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणारी हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. वरून निळा आणि तळाशी शेवाळ असलेला तलाव हा त्याच ढिगाचा भाऊ आहे. कमी मापाबद्दल सूरह मुतफ्फिफीनचा इशाराही केवळ धान्याच्या तराजूपुरता नाही.

म्हणून कारागीर बंधूंनी प्रत्येक तलावासाठी एक वही ठेवावी. तारीख, पाण्याचे लिटर, पीएच, संध्याकाळचा व सकाळचा क्लोरीन, टाकलेला माल आणि त्याचे वजन हे सर्व मालकासमोर लिहावे. बिलात मजुरी आणि मालाची किंमत वेगळी दाखवावी. माल जास्त खपावा म्हणून काम लांबवणारा कारागीर एकदाच कमावतो. वही दाखवणाऱ्याला मालक वर्षभराचे काम देतो आणि शेजारच्या बंगल्याचेही मिळवून देतो. त्या पाण्यात कोणाची तरी मुले उतरणार आहेत. ती सुखरूप बाहेर यावीत, हीच आपल्याकडे सोपवलेली अमानत. ती जपली तर या रोजीत बरकत आहे, इन्शा अल्लाह.