चाक उलटं फिरलं म्हणून

चि. निनाद यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मिनेसोटातल्या पहिल्या हिवाळ्याआधी जुना पिकअप ट्रक घ्यायचा निनादचा बेत कळला तेव्हा काकाला बरं वाटलं. पुढचं ऐकून मात्र राहवलं नाही. विकणाऱ्याच्या अंगणात ट्रकची मागची बाजू उचलून पोराने एक चाक हाताने फिरवलं, पलीकडचं चाक उलट्या दिशेने फिरलं, आणि ‘हा साधा ओपन डिफरेन्शियलचा दिसतोय’ असं ठरवून तो परत आला. ट्रक होता २००८ चा शेवरले सिल्व्हराडो. ही परीक्षा फसते ती नेमकी याच घराण्यात, म्हणून हे पत्र.

डिफरेन्शियल वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. बर्फावर हाच गुण आडवा येतो. एक चाक घसरलं की ते जागच्या जागी गरगरतं आणि पकड असलेलं दुसरं चाक उभंच राहतं. लिमिटेड स्लिप म्हणजे या गरगरण्याला लावलेला लगाम. लगामाच्या जाती मात्र अनेक आहेत, आणि प्रत्येकीची ओळख पटवायची रीत वेगळी.

सर्वांत जास्त आढळते ती क्लच प्लेटांची जात. फोर्डच्या ८.८ इंची एक्सलमधला ट्रॅक-लॉक याच जातीचा. प्लेटा स्प्रिंगने कायम दाबलेल्या असतात, म्हणून दोन्ही चाकं अधांतरी ठेवून एक फिरवलं की दुसरंही त्याच दिशेने येतं. हाताची परीक्षा मुळात या जातीसाठी. तीही प्लेटा शाबूत असतील तरच खरी. दीड-दोन लाख मैल चाललेल्या ट्रकमध्ये प्लेटा झिजलेल्या असतात आणि अस्सल लिमिटेड स्लिपसुद्धा ओपनसारखा वागतो. तेव्हा चाक उलटं फिरलं याचा अर्थ ‘नाही’ असाही होतो आणि ‘होता, आता संपला’ असाही. भाव करताना या दोहोंत फार फरक पडतो. प्लेटांचा नवा संच बसवता येतो, पण ओपन डिफरेन्शियलमध्ये त्या घालायला जागाच नसते.

सिल्व्हराडोची गोष्ट आणखी वेगळी. जनरल मोटर्सच्या ट्रकांत १९७३ पासून ईटन कंपनीचा गव्हर्नरवाला लॉकर मिळतो. त्याचा सांकेतिक क्रमांक जी८०. सरळ चालताना तो ओपनसारखाच असतो. दोन चाकांच्या गतीतला फरक मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांच्या पुढे गेला की आतल्या गव्हर्नरची चिमुकली वजनं बाहेर फेकली जातात आणि खिटीला अडकतात. मग कॅम प्लेट चढते, क्लच आवळतो आणि दोन्ही चाकं एकजीव होतात. ताशी तीसेक किलोमीटरच्या वर तो लागतच नाही, म्हणजे महामार्गावर अवचित लॉक होण्याची भीती नाही. माणसाच्या हाताने सावकाश फिरवलेल्या चाकात तो फरक कुठून यायचा? साहजिकच दुसरं चाक उलटं जातं आणि चांगला जी८० नापास ठरतो. या यंत्राचं काकाला अजूनही कौतुक वाटतं. वीज नाही, बटण नाही, नुसती वजनं आणि उतार. नाशिकमध्ये बनलेल्या महिंद्रा थारमध्ये २०१५ मध्ये आला तो ईटनचा लॉकरही याच घराण्यातला.

म्हणून आधी कागद बघावा. त्या सालच्या शेवरलेच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये तीन-तीन अक्षरी संकेतांनी भरलेलं लेबल असतं. त्यात जी८० दिसला की कारखान्यातून लॉकर आला होता हे पक्कं. शेजारी जीयू६ असेल तर गिअर गुणोत्तर ३.४२, जीटी४ असेल तर ३.७३. फोर्डमध्ये दाराच्या चौकटीवरचं लेबल बघायचं. एफ-१५० च्या लेबलवर ‘एक्सल’च्या रकान्यात १९ असेल तर ३.५५ ओपन, एच९ असेल तर तेच गुणोत्तर लिमिटेड स्लिपसह. फोर्डच्या एक्सल कव्हरच्या बोल्टला पत्र्याची पट्टी लटकत असेल तर तीही वाचावी. ३ आणि ५५ यांच्या मधोमध ‘एल’ असला की लिमिटेड स्लिप. कव्हरचा आकार आणि बोल्टांची संख्या यावरून एक्सल कोणता ते कळतं, आत काय बसवलंय ते नाही.

कागदही शेवटचा शब्द नव्हे. मधल्या कुण्या मालकाने आतलं सामान बदललं असेल तर लेबल बिचारं जुनंच सांगत राहतं. मालक तयार असेल तर कव्हर काढून बघावं. डिफरेन्शियलच्या खिडकीत इंग्रजी एसच्या आकाराची स्प्रिंग दिसली तर ट्रॅक-लॉक. छोटा आडवा गव्हर्नर दिसला तर जी८०. तिरप्या दात्यांचे गिअर दिसले तर टॉर्सनसारखी गिअरवाली जात, तिच्यात झिजणाऱ्या प्लेटा नसतात.

जात कळणं तेलासाठीही लागतं. ट्रॅक-लॉकच्या गिअर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर घालावा लागतो, नाहीतर वळणावर मागून थरथर आणि कुरकुर येते. जी८० मध्ये तो घालू नये, त्याच्या क्लचला घर्षणच हवं असतं. नाव न कळता ओतलेली बाटली इथे नुकसान करते.

एक गोष्ट काका हट्टाने सांगतो. एकच मागचं चाक उचलून इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही, कधीही नाही. लॉकर लागला तर जमिनीवरचं चाक ट्रकला जॅकवरून ढकलून देईल. हाताची परीक्षासुद्धा पुढच्या चाकांना ठोकळे लावून, मागचा एक्सल भक्कम स्टँडवर ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये असतानाच करावी.

ट्रक अजून विकला गेला नसेल तर निनादने शनिवारी पुन्हा जावं, ग्लोव्ह बॉक्स उघडून लेबलचा फोटो पाठवावा. मागचं तेल शेवटचं कधी बदललं आणि त्यात काय ओतलं, हेही मालकाला विचारून घ्यावं. काकू म्हणते, हातमोजे घेतल्याशिवाय गाडीखाली शिरू नकोस.

तुझा,
काका