खोक्यावरचे हजार वॉट

दिल्लीच्या थंडीत तुळस टिकत नाही, हे इथे बदलून आलेल्या प्रत्येक मराठी घराला पहिल्याच जानेवारीत कळतं. डिसेंबर सरता सरता पानं काळवंडतात, संक्रांतीला नुसत्या काड्या उरतात. गवती चहाची तीच गत. कढीपत्ता मरत नाही, पण होळीपर्यंत एक नवं पान फुटेल तर शपथ. त्यात नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या पूर्वेला नवा टॉवर उभा राहिला, आणि नोव्हेंबरपासून आभाळावर धुरकट थर असतोच. बाल्कनीत येतं त्याला ऊन म्हणणं जिवावर येतं. मग घरातच दिव्याखाली झाडं ठेवावीत असं मला वाटलं, तसंच सोसायटीतल्या आणखी काही जणांनाही वाटलं. माझी नोकरी वीजयंत्रणेच्या देखभालीत गेली आणि प्लगमध्ये खोचायचा वॉटमीटर घरात पडून आहे, त्यामुळे कुणीही ‘ग्रो लाइट’ आणला की तो फिरत फिरत माझ्या टेबलावर येतो. त्यातून जे दिसलं ते सांगतो.

शेजारच्या टॉवरमधल्या एका तरुणाने चांदणी चौकातल्या भगीरथ पॅलेसच्या विजेच्या बाजारातून दिवा आणला होता. खोक्यावर ठसठशीत ‘१००० वॉट’. मीटरला लावला तर आकडा ९६ वर जाऊन थांबला. पोरगा हिरमुसला. आम्ही दोघं दिवा घेऊन दुकानात गेलो, तर दुकानदाराच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “सर, लिखा हज़ार है, खींचेगा सौ, यही तो बचत है!” या उत्तराला मी मनातल्या मनात दाद दिली. पण हिशेब असा असतो: पट्टीवर शंभर एलईडी, प्रत्येक चिप कागदावर दहा वॉटची, म्हणून झाले हजार. प्रत्यक्षात प्रत्येक चिप एक वॉटच्या आसपासच चालवलेली असते. दहा वॉटला चालवली तर जळून जाईल. कुठे हाच हजाराचा आकडा ‘जुन्या सोडियम दिव्याच्या बरोबरीचा’ म्हणूनही छापतात. तीही ऐकीव बरोबरी, मोजलेली नव्हे.

तेव्हा खोक्यावरचे वॉट विसरा. खरं तर मीटरवरचे वॉटही अर्धीच गोष्ट सांगतात. झाडाला लागतो तो ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश, आणि तो मोजतात मायक्रोमोलमध्ये. दिवा सेकंदाला एकूण किती मायक्रोमोल बाहेर टाकतो तो आकडा म्हणजे पीपीएफ. त्यातले पानांच्या पातळीवर दर चौरस मीटरला किती पोचतात तो पीपीएफडी. आणि एक वॉट वीज खाऊन दिवा किती मायक्रोमोल देतो, ते त्याचं ॲव्हरेज, गाडीचं असतं तसं. चांगला पांढरा एलईडी बोर्ड आज अडीच ते पावणेतीनच्या घरात देतो, स्वस्तातले जांभळे दिवे एक-सव्वावर अडकलेले असतात. दुकानदाराला एवढंच विचारा: “इसका पीपीएफ कितना है?” कागद काढून दाखवला तर बोलणं पुढे न्या. ‘चिप सॅमसंग का है’ एवढ्यावरच गाडी अडली तर नमस्कार करून बाहेर पडा. चिप खरंच त्या कंपनीची असली, तरी तिच्यातून जास्त करंट रेटला की ॲव्हरेज घसरतं. चिपच्या नावावरून दिव्याचं काही कळत नाही.

आता आपल्या घरचं गणित. दिव्याखाली झाडं ठेवायला बाजारात कापडी टेंट मिळतात. त्यातला लहान टेंट दोन फूट बाय दोन फूट, म्हणजे ०.३६ चौरस मीटर. तुळस, पुदिना, मेथी, कोथिंबीर यांना २०० मायक्रोमोलचा प्रकाश रोज चौदा तास मिळाला, की दिवसाकाठी साधारण १० मोल जमा होतात, आणि त्यावर ही झाडं समाधानी असतात. २०० गुणिले ०.३६ म्हणजे ७२. भिंतींवर, कुंड्यांच्या मधल्या जागेवर वाया जाईल ते धरून १०० पीपीएफ लागेल. अडीचच्या ॲव्हरेजने चाळीस वॉट झाले. फक्त चाळीस! त्या हजारवाल्या दिव्याने हेच काम ऐंशी-नव्वद वॉट जाळून केलं असतं. टोमॅटो किंवा मिरची धरायची असेल तर दुप्पट-अडीचपट लागतं. पण दिल्लीत मिरची बाल्कनीत उत्तम होते, तिच्यासाठी दिव्याचा खटाटोप मला तरी पटत नाही.

मग बाजारात दोन फुटांच्या टेंटसाठी शंभर-दीडशे वॉट का सुचवतात? याचं उत्तर मला उशिरा सुचलं. दिव्यावर ‘व्हेज’ (पानांच्या वाढीसाठी) आणि ‘ब्लूम’ (फुलोऱ्यासाठी) अशी दोन बटणं, टेंटबरोबर कार्बन फिल्टर, काळ्या कापडाची प्रकाश बाहेर न जाऊ देणारी चेन, व्हिडिओत हॉलंड-कॅलिफोर्नियाचे दाखले. हा सगळा बाजार गांजा डोळ्यांपुढे ठेवून उभा राहिला आहे. त्या झाडाला भरमसाट प्रकाश लागतो आणि त्याचा वास लपवावा लागतो. तुळशीचा वास कुणापासून लपवायचा आहे? कार्बन फिल्टरचे पैसे वाचवा. टेंटही लागेलच असं नाही. लोखंडी रॅक, वर दिवा, तीन बाजूंना पांढरा सनबोर्ड एवढ्यावर माझा गवती चहा दोन हिवाळे निघाला. टेंटचा खरा उपयोग थंडी आणि धूळ अडवायला. ज्यांच्या खोलीत रात्री पारा दहाच्या खाली जातो त्यांनी जरूर घ्यावा.

विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो, कारण तरुण मुलं मला आडून आडून विचारतात. अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. कलम ८ प्रमाणे गांजाचं झाड लावणंच निषिद्ध आहे, आणि कलम २० प्रमाणे लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. किलोपेक्षा कमी गांजा सापडला तर ‘अल्प प्रमाण’ म्हणून शिक्षा सौम्य, हे ऐकीव ज्ञान घेऊन काही जण येतात. ती सवलत जवळ बाळगण्याबाबत आहे, लागवडीच्या कलमात तिचा पत्ता नाही. एक कुंडी म्हणजेही लागवड. दुसरा युक्तिवाद ‘बी तर कायदेशीर आहे’. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२१ मध्ये हेंपच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, हे खरं. खायला. पेरायला नव्हे. यमुनेकाठी आणि डीडीएच्या मोकळ्या जागांवर भांग आपोआप उगवते, तिचा दाखलाही नको. ती कुणी लावलेली नाही. आणि भाड्याच्या फ्लॅटचे मालक असाल तर कलम २५ वाचून ठेवा: जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्यालाही कायदा सोडत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात ग्रेटर नोएडातल्या एका सोसायटीत, फ्लॅटमध्ये दिव्यांखाली गांजा वाढवल्याच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा इथल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर ती बातमी फिरली.

त्या बातमीनंतरचे काही आठवडे जांभळ्या दिव्यांचे मालक हैराण झाले. आमच्याच आवारात एका दाक्षिणात्य कुटुंबाच्या बाल्कनीतून रात्री तसला उजेड दिसतो म्हणून कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला, सुरक्षारक्षक दारात उभा राहिला. आत होता कढीपत्ता आणि विड्याचा वेल. सगळे हसले, त्या बाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांना मी पांढरा दिवा घ्यायला सांगितला तो केवळ शेजाऱ्यांसाठी नव्हे. झाड फक्त लाल आणि निळा प्रकाश खातं, हिरवा वाया जातो, हे जांभळ्या दिव्यांमागचं शास्त्र अर्धवट आहे. टेक्सासच्या के. जे. मॅक्री यांनी १९७२ मध्येच बऱ्याच पिकांवर मोजून दाखवलं होतं की हिरव्या प्रकाशावरही प्रकाशसंश्लेषण चांगलं चालतं. शिवाय जांभळ्या उजेडात पानं काळपट दिसतात, पिवळेपणा किंवा लाल कोळी डोळ्यांना कळतच नाही. त्यांच्या विड्याच्या वेलावर पानाखाली जाळी धरली होती. दिवा बंद करून वेल खिडकीशी नेला तेव्हा कुठे ती दिसली.

पांढऱ्या दिव्याचा आणखी एक फायदा: साध्या लक्स मीटरने काम भागतं. लक्सला सत्तरने भागा, साधारण पीपीएफडी मिळतो. पानांच्या उंचीवर १४,००० लक्स म्हणजे आपले २००. चारही कोपऱ्यांत मोजा, कारण मध्यभागी २५० आणि कोपऱ्यात ९० असं बऱ्याच बोर्डांचं होतं. कमी वॉटच्या दोन पट्ट्या एका चौकोनी दिव्यापेक्षा बऱ्या पडतात. शेंड्याची पानं पांढुरकी पडून कडा वर वळायला लागल्या की दिवा वर घ्या. रोपं लांबट, लुळी व्हायला लागली की खाली.

आता ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो ते. स्वस्त दिव्यांमध्ये घरातली वीज एलईडीला सोसेल अशी करून देणारा वेगळा ड्रायव्हर नसतो. घरातली २३० व्होल्टची वीज थेट त्याच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर येते. बाजारात याला डीओबी म्हणतात. छताच्या बल्बला ते ठीक, तिथे कुणी हात लावत नाही. इथे आपण ओल्या हाताने, फवारणीची बाटली घेऊन, त्याच पट्टीखाली डोकं घालतो. एका दिव्याच्या पट्टीला मी टेस्टर टेकवला तर तो लख्ख पेटला. दिवा चालू होता, झाडं मजेत होती, आणि त्या घरातल्या बोर्डात अर्थिंगची वायर नुसती लोंबत होती. तेव्हा वेगळा, पूर्ण बंदिस्त, आयसोलेटेड ड्रायव्हर असलेलाच दिवा घ्या. ड्रायव्हरवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बघा. ड्रायव्हर टेंटच्या बाहेर टांगा: उष्णता बाहेर राहते, पाणीही लांब राहतं. वायर प्लगकडे चढण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता झोळाच्या तळाशी ठिबकेल. घराच्या डीबीमध्ये, म्हणजे मेन स्विचच्या पेटीत, ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का, तिचं टेस्टचं बटण दाबल्यावर ती पडते का, हे दिवा आणण्यापूर्वी पाहा. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरल्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर हलका आहे असं समजा.

दिवा जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. जानेवारीत हे वरदान आहे. मे-जूनमध्ये बंद टेंटमध्ये तेच चाळीस वॉट झाडांच्या जिवावर उठतात आणि एलईडीचं आयुष्यही खातात. मी एप्रिलमध्ये सगळं आवरून ठेवतो.

टायमर लावाल तो बॅटरीवाला डिजिटल घ्या. चकतीचे टायमर वीज गेली की थांबतात. एनसीआरमध्ये लाइट जाणं आणि डीजी, म्हणजे सोसायटीचा जनरेटर, येणं यांत मिनिटं-मिनिटं साचत जातात, आणि महिनाअखेरीस दिवा मध्यरात्री लागायला लागतो. डीजीचे युनिट सोसायटीच्या मीटरमध्ये वेगळ्या, चढ्या दराने कापले जातात. त्या वेळी दिवा बंद ठेवला तर तासाभराच्या अंधाराने तुळशीचं काही बिघडत नाही.

दिल्लीत राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट बघावी लागते. तिथे अनुदानासाठी अर्ज केलेल्या घरगुती ग्राहकाला २०० युनिटपर्यंत बिल शून्य, २०१ ते ४०० युनिटपर्यंत निम्मं आणि तेही ८०० रुपयांच्या मर्यादेत. मयूर विहारमधल्या एका मावशींचा हिवाळ्यातला वापर १८० च्या आसपास असतो. शंभर वॉटचा दिवा चौदा तास म्हणजे महिन्याला ४२ युनिट, आणि त्यांचं शून्य बिल गेलं असतं. चाळीस वॉटच्या दिव्याला १७ लागतात. त्या दोनशेच्या आत राहिल्या, पण गीझरवर लक्ष ठेवून.

होळीनंतर झाडं बाहेर काढताना घाई नको. २०० मायक्रोमोलवर वाढलेलं पान दिल्लीच्या दुपारच्या दोन हजारांत एका दिवसात करपतं. पहिले तीन-चार दिवस पूर्ण सावलीत, मग सकाळी नऊपर्यंतचं ऊन, मग हळूहळू पुढे. हिरवी नेट एप्रिलभर असू द्या.