टोमॅटोची फुलगळ आणि उन्हाळ्याची रात्र

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव किंवा नाशिककडील पिंपळगाव बसवंत या बाजारपेठांच्या आसपासच्या शाळांतील मुलांना टोमॅटोचे पीक नवे नाही. झाडे हिरवीगार, फूलही भरपूर, आणि तरीही आठवडाभरात सरीत पिवळ्या फुलांचा सडा पडतो, हे त्यांनी उन्हाळ्यात घरच्या शेतात पाहिलेले असते. घरची माणसे त्यास दृष्ट लागली म्हणतात, अथवा रोग समजून औषध फवारतात. उष्णतेने झालेली गळ असेल तर तो खर्च व्यर्थ जातो. परिसर अभ्यासाच्या पाठास शिक्षकाने हाच प्रसंग घ्यावा.

प्रथम फूल मुलांच्या हाती द्यावे. त्यातील पुंकेसर एकमेकांस चिकटून त्यांची पिवळी नळी झालेली असते व स्त्रीकेसर तिच्या आत असतो. वाऱ्याने फूल हलले म्हणजे पराग आतल्या आत कुक्षीवर पडतात. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रीही ते २१-२२ अंशांच्या खाली उतरले नाही, तर ही व्यवस्था बिघडते. पराग निकामी होतात. कित्येकदा कुक्षी नळीबाहेर डोकावते व परागांपासून दूर राहते. फलधारणा न झालेले फूल झाड जवळ ठेवीत नाही. देठावर मध्येच गाठीसारखा एक सांधा असतो, तेथून ते सुटते. हा सांधा मुलांनीच शोधावा. शिक्षकाने तो सांगून टाकण्याची घाई करू नये. दुपारचे ऊन सर्वांस जाणवते, रात्र मात्र कोणी हिशेबात धरीत नाही, यावर विशेष भर द्यावा.

नत्र खत अधिक पडल्याने, पाण्याच्या ताणाने किंवा फुलकिड्यांमुळेही फुले गळतात. तेव्हा प्रत्येक गळीचा दोष हवेवर ढकलू नये. अतिवृष्टीची गोष्ट निराळी. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, आणि ताणानंतर एकाएकी पाणी मिळाले की फळे तडकतात.

फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत साधारण दीड महिना जातो. यावर गणित घालता येईल : मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात गळलेल्या फुलांची उणीव बाजारात केव्हा दिसेल? सन २०२३ च्या जुलैमध्ये अनेक शहरांत टोमॅटोचा किरकोळ भाव किलोला १०० रुपयांच्या वर गेला होता. त्यास उष्णता, पाऊस, रोग अशी अनेक कारणे होती. परंतु ज्याच्या झाडावर त्या वेळी फळच नव्हते, त्याच्या घरी त्या भावाचा काय उपयोग, हा प्रश्न वर्गात निघाल्यास तो टाळू नये.

निरीक्षणासाठी फुलांच्या दहा झुबक्यांना रंगीत दोरा बांधून फुले मोजावीत व दहा-बारा दिवसांनी धरलेली फळे मोजावीत. शाळेच्या बागेत टोमॅटो नसल्यास शेतमालकाची परवानगी घेऊनच मुलांना नेावे, व फुले जमिनीवर पडलेलीच उचलू द्यावीत. कमाल-किमान तापमापक शाळेत असेल तर किमान आकडा रोज सकाळी शाळा भरताच फळ्यावर लिहावा; नसेल तर जवळ राहणाऱ्या मोठ्या मुलाकडून साध्या तापमापकाची नोंद पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी करवून घ्यावी.